कातळावरून पडल्यावर नेमकं काय मोडतं?

मुंब्र्याच्या कातळावर चढताना मी पडलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले असतील. खाली स्टेशनातून गाडी सुटल्याचा भोंगा ऐकू आला होता, तो मला नीट आठवतो. पडणं मात्र आठवत नाही. हात होल्डवर, म्हणजे कातळातल्या पकडीवर, होता आणि मग मी खाली वाळक्या गवतात बसलो होतो. नंतर हिशेब केला तर मधलं जे काही होतं ते एका सेकंदात आटोपलं होतं, तेव्हा स्मरणशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही.

"लागलं का रे?" चौघांनी एकदम विचारलं.

"टाच मुरगळली."

टाच मुरगळत नाही, मुरगळतो तो घोटा. पण हे शहाणपण नंतरचं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मी एका पायावर लंगडत ती दगडांची वाट उतरलो, रिक्षात बसलो आणि ठाण्यापर्यंतचा एकेक स्पीडब्रेकर मोजत घरी आलो. टाचेचं हाड फुटलं होतं. कमरेच्या वरचा एक मणकाही दबला होता, पण ते कळायला आणखी दोन दिवस जावे लागले.

पुढचे तीन महिने पाय उशीवर होता. त्या काळात भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, "अरे पण दोर होता ना?" दोर होता. हार्नेस होता, हेल्मेट होतं, बिले द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, अनुभवी माणूस होता. तरी पाय मोडला. ते कसं, हे समजावता समजावता मलाच बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा कळल्या.

लागतं ते थांबताना

हवेतून खाली येताना शरीराला काहीही होत नाही. इजा होते ती थांबण्याच्या क्षणी. म्हणून "किती उंचावरून पडला?" यापेक्षा "थांबायला किती जागा मिळाली?" हा प्रश्न जास्त कामाचा.

ठाणेकरांना हे सांगायला दहीहंडी पुरेशी आहे. वरच्या थरावरचं पोरगं निसटतं तेव्हा खालची गर्दी हात वर करून त्याला घेते. ते हात त्याच्याबरोबर खाली येतात, वाकतात, मागे सरतात. म्हणजे पोरगं एकदम थांबत नाही, हाताहाताने थांबतं. तेच पोरगं गर्दीच्या फटीतून डांबरावर आलं, तर उंची तीच असूनही गोष्ट वेगळी होते.

आता माझा हिशेब. पडलो तेव्हा माझे पाय जमिनीपासून साधारण पावणेचार मीटर वर होते, म्हणजे जुन्या चाळीतल्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीएवढे. तिथून खाली यायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि टेकताना वेग असतो ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. घोडबंदर रोडवर संध्याकाळी हा वेग मिळाला तर आपण नशीब काढलं म्हणतो. कातळाच्या पायथ्याशी तोच वेग हाड फोडतो.

हा वेग जर ५ सेंटिमीटरमध्ये जिरवायचा असेल, म्हणजे गुडघे ताठ, पायाखाली खडक आणि दबायला फक्त बुटाचा तळ व टाचेची चरबी, तर शरीरावर सरासरी वजनाच्या ७५ पट जोर येतो. सत्तर किलोच्या माणसाला हे सव्वापाच टन झाले. तोच वेग गुडघे, कंबर वाकवत, लोळण घेत अर्ध्या मीटरमध्ये जिरवला तर जोर साडेसात पटीवर येतो. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात जोराचा एक टोकदार क्षण येतो आणि तो सरासरीच्या वर जातो. पण दोन आकड्यांमधली दरी खरी आहे.

बेलापूरच्या दगडांवर बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या दगडांवर बिनदोराची चढाई, करणारी पोरं मॅट घेऊन जातात ती याच साठी. चार बोटं जाडीचा फोम थांबायला जागा देतो. मात्र मॅटची स्वतःची एक खोड आहे: एक पाय मॅटवर आणि दुसरा कडेवर पडला की घोटा कलंडतो. दोन मॅट जोडून ठेवल्यावर मधली फट तर खास त्यासाठीच असावी असं वाटतं. आणि मागे पडताना हात मागे टेकवायचा नाही. आपण टेकवतोच, कारण लहानपणापासूनची सवय आहे, आणि मनगट जातं ते तिथेच.

दोर होता, मग?

बिनदोराची गोष्ट सोपी आहे. दोर असताना माणूस जमिनीवर कसा येतो, हे लोकांना पटत नाही. कागद-पेन्सिल घ्या.

लीड करणारा, म्हणजे सर्वांत पुढे चढणारा, माणूस दोर कमरेला बांधून वर चढतो आणि वाटेत कातळात ठोकलेल्या बोल्टमध्ये तो अडकवत जातो. खाली बिलेअर दोर सोडत असतो. दोर वरून नाही, खालून येतो. म्हणजे शेवटच्या बोल्टच्या जितके वर तुम्ही गेलात, तितके आधी बोल्टपर्यंत पडणार आणि तितकेच बोल्टच्या खाली पडणार. मग कुठे दोर ताणला जाणार.

माझ्या वाटेवर पहिला बोल्ट ३ मीटरवर होता, दुसरा साडेपाचवर. माझी कंबर होती पावणेपाचवर, म्हणजे पहिल्या बोल्टच्या पावणेदोन मीटर वर. दुसरा बोल्ट हाताच्या टप्प्यात आला होता, म्हणून मी दोर ओढून वर घेतला, क्लिप करायला साधारण एक मीटर. त्याच क्षणी डाव्या पायाखालचा होल्ड निघाला. दोर ताणला जाण्याआधी मी किती पडणार? पावणेदोन अधिक पावणेदोन, अधिक हातात ओढलेला एक मीटर. साडेचार मीटर. आणि माझे पाय जमिनीपासून होते पावणेचार मीटर.

दोर ताणला जायची वेळ आलीच नाही. बिलेअरने दोर घट्ट धरला होता, तो शपथेवर सांगतो, आणि तो खरं बोलतो. पण पाऊण मीटर आधी जमीन आली.

दुसऱ्या बोल्टची क्लिप ही म्हणून वाईट जागा आहे. पहिल्यापर्यंत सगळे सावध असतात, खाली कोणीतरी हात वर करून उभं राहतं. पहिला क्लिप झाला की खालचा माणूस "झालं" म्हणून मागे सरतो, गप्पा मारतो, आणि धोका तर आता वाढलेला असतो. लांब काठीने पहिला, जमलं तर दुसराही बोल्ट जमिनीवरूनच क्लिप करून ठेवता येतो. आपल्याकडे असं केलं की पोरं हसतात. हसू द्यावं.

टॉप रोपवर, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या आधारातून, फिरून आलेला असताना, हा प्रश्न नसतो असं सगळे धरून चालतात. बराचसा नसतोही. पण चढाईचा दोर रबरासारखा थोडा ताणणारा असतो. नुसतं लटकलं तरी तो लांबीच्या सात-आठ टक्के ताणला जाऊ शकतो. पंधरा मीटरच्या भिंतीला वर जाऊन खाली येणारा दोर तीस मीटरचा. त्याचे आठ टक्के म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. सुरुवातीच्या दोन-अडीच मीटरांत दोर सैल असेल तर टॉप रोपवरही टाच जमिनीला लागते. शिबिरात पहिल्यांदा आलेली मुलं नेमकी तिथेच निसटतात.

दोर इतका ताणतो म्हणून तो वाईट, असं मात्र नाही. ताणणं हेच त्याचं काम आहे, तीच थांबायची जागा. चढाईच्या डायनॅमिक दोराची आंतरराष्ट्रीय चाचणी अशी असते: ८० किलोचं वजन अतिशय कडक परिस्थितीत त्यावर पुन्हा पुन्हा पाडतात. पहिल्या पडण्यात वजनाला बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे, दोर ४० टक्क्यांहून जास्त ताणता कामा नये, आणि किमान पाच वेळा पडून तो तुटता कामा नये. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो लटकवल्याचा जोर. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, आणि सामान ओढायला जो स्टॅटिक दोर वापरतात तो जेमतेम ताणतो. स्टॅटिकवर लीड करणं म्हणजे कमरेला साखळी बांधून उडी मारणं. दुकानात दोन्ही दोर रंगीत आणि दिसायला सारखेच असतात, म्हणून टोकावरची पट्टी वाचल्याशिवाय कुणाचा दोर उसना घेऊ नये.

झटका किती बसणार हे पडण्याच्या लांबीवर ठरत नाही, हे तर आणखी विचित्र वाटतं. ते ठरतं फॉल फॅक्टरवर: जितके मीटर पडलात भागिले जितका दोर बाहेर आहे. वीस मीटर दोर बाहेर असताना चार मीटर पडलात तर फॅक्टर ०.२. वीस मीटर दोर ताणतो, तुम्ही मऊ थांबता, वर बघून हसता. तेच चार मीटर सुळक्याच्या वाटेच्या दुसऱ्या भागात, बिलेअर जिथे अँकरला बांधून उभा असतो त्या स्टेशनवरून दोन मीटर वर जाऊन, मध्ये एकही बोल्ट क्लिप न करता पडलात तर फॅक्टर २. यापेक्षा मोठा आकडा साध्या चढाईत येत नाही. झटका सरळ बिलेअरच्या अँकरवर. म्हणून स्टेशनवरून निघाल्यावर पहिला बोल्ट लवकर घ्यायचा असतो. जुने गिर्यारोहक हे ओरडून सांगायचे, कारण मात्र सांगायचे नाहीत.

स्लिंगचंही तेच. सुळक्याच्या माथ्यावर आपण स्लिंगने, म्हणजे शिवलेल्या पट्ट्याच्या फासाने, स्वतःला अँकरला अडकवतो आणि फोटो काढायला अँकरच्या वर जाऊन उभे राहतो. डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची स्लिंग जवळजवळ ताणतच नाही. बावीस किलोन्यूटन लिहिलेली असते, पण ते हळूहळू ओढल्यावर. गाठ मारलेल्या अशा स्लिंगवर जेमतेम मीटर-सव्वा मीटर पडल्यावर ती तुटल्याचं चाचण्यांत दिसलेलं आहे. अँकरच्या खाली राहायचं, स्लिंग ताणलेली ठेवायची, इतकं केलं तरी पुरतं.

आपला कातळ पायऱ्यांचा आहे

परदेशी व्हिडिओंत गुळगुळीत भिंतीवरून माणूस दहा-बारा मीटर पडतो, दोराला झुलतो आणि पुन्हा चढायला लागतो. ते पाहून आपल्याकडे कोणी धीट होऊ नये. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झाला. या खडकाला भूशास्त्रात डेक्कन ट्रॅप म्हणतात आणि त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. नाव अगदी चपखल आहे. मुंब्रा घ्या, माहुली घ्या, मलंगगड घ्या, कातळ सरळ तुटलेला दिसला तरी दर काही मीटरवर टप्पा असतो. कुठे हातभर, कुठे माणूस झोपेल एवढा.

दोराचं गणित जमिनीपर्यंतचं असतं. पण टप्पा जमिनीच्या आधी येतो. चाळीस मीटर उंचावर तुम्ही तीन मीटर पडलात आणि दोन मीटरवर टप्पा असेल, तर तुमच्यापुरती जमीन दोन मीटरवरच आहे. सह्याद्रीत घोटे जातात ते बहुधा असे. म्हणून वर चढताना मधूनमधून खाली बघून "आत्ता सुटलो तर कशावर जाईन?" हे स्वतःला विचारायचं. बोल्ट जवळ असून टप्पाही जवळ असेल तर ती जागा बोल्ट लांब असलेल्या उघड्या भिंतीपेक्षा वाईट.

दुसरं म्हणजे आडवी चाल. ट्रॅव्हर्सवर निसटलेला माणूस खाली पडत नाही, लोलकासारखा झुलतो. बघणाऱ्याला ते सौम्य वाटतं. पण झुलून खालच्या बिंदूला येताना त्याचा वेग तेवढ्याच उंचीवरून सरळ पडल्याइतका असतो. फरक एवढाच की सरळ पडताना पाय आधी लागतात, झुलताना बरगडी, कुल्ला किंवा डोकं कातळाच्या कोपऱ्यावर आपटतं. सेकंड मॅनला, म्हणजे लीडरच्या मागून चढणाऱ्याला, हे जास्त होतं, आणि ट्रॅव्हर्सवर त्याच्यासाठी मध्ये बोल्ट ठेवायला लीडर विसरतो.

हेल्मेटबद्दल एक गैरसमज. चढाईचं हेल्मेट मुख्यतः वरून येणाऱ्या दगडासाठी बनवतात. चाचणीत ५ किलोचा गोळा २ मीटरवरून माथ्यावर टाकतात, बाजूने आणि मागून मात्र अर्ध्या मीटरवरूनच. म्हणजे बाजूने आपटल्यावर ते मदत करतं, पण माथ्याइतकी नाही. तरी घालायचं, कारण पावसाळ्यानंतर आपला कातळ सुटलेला असतो. ऑक्टोबरात तर प्रत्येक होल्ड टकटक करून बघावा. पोकळ आवाज आला की तो होल्ड नाही, तो फक्त तिथे ठेवलेला दगड आहे. माझ्या डाव्या पायाखालचा तसाच होता. डिसेंबर उजाडला म्हणून मी टकटक केली नव्हती.

खाली येताना होणारे अपघात वेगळेच, आणि त्यांचा राग येतो, कारण ते टाळायला एक गाठ पुरते. बावीस मीटरची वाट, चाळीस मीटरचा दोर. बिलेअर चढणाऱ्याला खाली सोडतोय आणि दोराचं टोक त्याच्या हातातून, उपकरणातून सुळकन निघून जातं. टोकाला गाठ मारलेली असती तर ती अडकली असती.

टाच ते मणका

टाचेचं हाड म्हणजे ब्रून पाव समजा. बाहेरून पातळ कडक कवच, आत जाळीदार भुसभुशीत. उभ्याने पडल्यावर घोट्यातलं वरचं हाड पाचरीसारखं त्यात घुसतं आणि पाव चेपतो. साधी भेग पडली तर ठीक. पण बहुतेक वेळा टाच आणि वरच्या हाडातला सांधाच फुटतो. पाऊल आत-बाहेर कलवायचं काम हा सांधा करतो. खडबडीत वाटेवर आपण तोल सांभाळतो तो त्याच्यामुळे.

जोर टाचेत संपला नाही तर वर जातो: नडगी, गुडघा, मांडी, ओटीपोटाचा सांगाडा, मणका. मणक्यात तो जाऊन बसतो ते विशिष्ट जागी. छातीच्या मणक्यांना बरगड्यांचा पिंजरा धरून ठेवतो, कमरेचे मणके मोकळे असतात. ताठ भाग संपून लवचीक सुरू होतो तो सांधा, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका, तिथेच बहुतेकदा चेपतो. हाडांच्या पाठ्यपुस्तकांत टाच फुटलेल्या साधारण दहांपैकी एकाचा मणकाही दुखावलेला असतो असं सांगतात. तो एक मी.

मग मला पाठ का दुखली नाही? दुखत असणार. पण टाच इतकी बोंबलत होती की बाकी कुणाचं ऐकूच येत नव्हतं. डॉक्टर यालाच लक्ष विचलित करणारी दुखापत म्हणतात. उंचावरून पडलेला माणूस "बाकी काही नाही, फक्त पाय" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पहिल्या दिवशी माझ्या पायाचा एक्स-रे निघाला, प्लास्टरची पट्टी लागली आणि घरी पाठवणी झाली. दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून विचारलं, "उभ्याने पडलात ना? पाठीचा एक्स-रे कुठाय?" तो नव्हताच.

मांडीचं हाड आणि ओटीपोट यांचा धाक वेगळा. प्रौढ माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. ओटीपोटाचा सांगाडा फुटला तर त्याहूनही जास्त, आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. माणूस फिकट पडतो, घाम सुटतो, नाडी जोरात चालते, तहान लागते, उगाच अस्वस्थ होतो किंवा एकदम शांत. शांत झाला म्हणून हायसं वाटून घेऊ नये.

डोक्याचं तर आणखी फसवं. आपटून क्षणभर शुद्ध गेली, मग माणूस उठून बसला, बोलला, चहा मागितला, आणि तासा-दोन तासांनी झोपाळला, उलट्या झाल्या, एक बाहुली मोठी दिसायला लागली. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत असताना मधला काळ असा अगदी नॉर्मल जाऊ शकतो. शुद्ध हरपली होती एवढी एकच गोष्ट सीटी स्कॅन करून घ्यायला पुरेशी आहे.

पहिली दहा मिनिटं

पडलेल्या माणसाला उचलून बसवणं, पाणी पाजणं, बूट काढून पाय चोळणं, हे आपल्याकडे प्रेमापोटी होतं. तिन्ही करू नयेत. उठवलं तर दबलेला मणका सरकू शकतो. पाणी पाजलं तर शुद्ध कमी असताना ते श्वासनलिकेत जातं, आणि लगेच ऑपरेशन लागलं तर भूल देताना अडचण होते. चोळण्याबद्दल काय बोलावं. आणि "आधी हाडवैद्याला दाखवू" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना नम्रपणे बाहेरच्या खोलीत बसवावं.

आधी स्वतःकडे बघायचं. वरून दगड येतायत का, आग्या मोहोळ उठलंय का. मोहोळ उठलं असेल तर मणक्याची चर्चा बाजूला ठेवून त्याला तिथून हलवावंच लागतं. एरवी आहे तिथेच ठेवायचं. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि बोलत राहायचं. श्वास चालू आहे का, कुठून रक्त वाहतंय का. वाहत असेल तर स्वच्छ कापड घेऊन दाबून धरायचं आणि दर अर्ध्या मिनिटाने उचलून "थांबलं का" बघायचं नाही. मग पायाची बोटं हलवायला सांगायची, दोन्ही पायांना स्पर्श कळतो का विचारायचं, आणि उत्तर वेळेसकट फोनमध्ये लिहून ठेवायचं. आधी कळत होतं आणि नंतर कळेनासं झालं, हा फरक सर्जनसाठी लाखमोलाचा असतो. अंगावर पांघरूण घालायचं, ठाण्याच्या दमट हवेतसुद्धा. रक्त गेलेलं शरीर थंड पडतं आणि थंड रक्त नीट गोठत नाही.

माणूस दोराला लटकलेल्या अवस्थेत बेशुद्ध झाला असेल तर प्रश्न मिनिटांचा होतो. हार्नेसमध्ये निश्चल लटकल्याने पायांत रक्त साचतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं. शुद्धीत असेल तर त्याला पाय हलवायला, कातळाला रेटा द्यायला सांगा. बेशुद्ध असेल तर मदतीची वाट न बघता, जमेल तसं सुरक्षितपणे खाली आणा. पूर्वी शिबिरांत शिकवायचे की अशा माणसाला खाली आणल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं, आडवं केलं तर तो दगावेल. त्या समजुतीला पुरावा मिळाला नाही, आता सरळ आडवं करायला सांगतात. मीसुद्धा वर्षानुवर्षं जुनंच शिकवत होतो.

फोन १०८ ला. पण "मुंब्र्याचा डोंगर" एवढं सांगून रुग्णवाहिका येत नाही. बायपासची कोणती बाजू, कोणतं मंदिर, कोणतं पाण्याचं टाकं, आणि एक माणूस खाली रस्त्यावर हात दाखवायला उभा. कातळाच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत स्ट्रेचर नेणं हे सहा-आठ जणांचं, शिकलेल्या हातांचं काम आहे. महाराष्ट्रात गिर्यारोहकांनीच उभारलेलं रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा नंबर घरून निघण्याआधी फोनमध्ये असावा, कारण पुढे रेंजची खात्री नाही. अर्धा तास वाट बघणं नकोसं वाटतं. मला तर इतकं नकोसं वाटलं की मी रिक्षाने गेलो. मणका सरकला नाही, हे माझं कर्तृत्व नव्हे.

दवाखान्यात उंचावरून पडल्याची नोंद बहुधा पोलीस केस म्हणून होते, जबाब घ्यायला कोणीतरी येतं. घाबरायचं कारण नाही, खरं ते सांगायचं, "जिन्यावरून पडलो" असं सांगू नये. विम्याच्या भानगडीने लोक तसं सांगतात, आणि डॉक्टर मग जिन्याच्या उंचीने विचार करतात. कागदपत्रांसाठी तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. विम्याचं म्हणाल तर आरोग्य विम्याच्या प्रमाणित मजकुरात धाडसी खेळांतून आलेला खर्च वगळलेला असतो, त्यात रॉक क्लाइंबिंगचं नावही आहे, पण ते वाक्य व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. रविवारी हौसेने चढणारा त्यात बसत नाही. अपघात विम्याच्या अटी मात्र कंपनीगणिक वेगळ्या, त्या चढण्याआधी वाचाव्यात.

नंतरचं

टाचेचं ऑपरेशन लगेच करत नाहीत, याचा घरच्यांना फार त्रास होतो. "एवढं मोडलंय आणि डॉक्टर नुसतं सुजेकडे बघतायत!" आईने तर दुसरा डॉक्टर शोधायला घेतला होता. पण टाचेवरची कातडी पातळ असते, सुजलेली असताना कापली तर जखम भरत नाही. सूज उतरून कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसायला लागल्या की मगच. माझ्या बाबतीत अकरा दिवस लागले. प्लेट, स्क्रू, आणि मग बरेच आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. मणक्याला ऑपरेशन लागलं नाही, नुसता पट्टा लागला. मज्जारज्जू शाबूत होता.

नऊ महिन्यांनी पुन्हा कातळाला हात लावला. चढायला मुळीच त्रास झाला नाही, कारण चढताना टाच लागतच नाही. सगळं काम बोटांच्या टोकांवर आणि पायाच्या अंगठ्यावर. त्रास होतो तो संपल्यावर, सॅक पाठीला लावून उतरताना, त्या सुट्या दगडांच्या वाटेवर. फुटलेला सांधा आता पूर्वीसारखा कलत नाही, म्हणून प्रत्येक दगडावर पाऊल आधी ठेवून बघावं लागतं, मग भार. पोरं पटापट उड्या मारत खाली जातात, बायपासजवळच्या टपरीवर चहा सांगतात आणि वर बघून ओरडतात, "काका, या की!"

"सांगा माझाही," मी म्हणतो. तो येईपर्यंत निवतो.